काच काचेत, प्लास्टिक प्लास्टिकात

"काच काचेत, प्लास्टिक प्लास्टिकात, लोखंड लोखंडात," स्टोअरचे साहेब म्हणाले. मी पेट्यांमधून नळ्या काढून स्टँडला लावू लागले.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता. सामानाची वाटणी व्हायची होती, म्हणून लॅबमधल्या प्रत्येक वस्तूला कोड द्यायचा होता. काचेला जी, प्लास्टिकला पी, लोखंडाला एम, विजेवर चालणाऱ्याला ई. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या लहान दवाखान्यात ईमध्ये एक फ्रिज होता, तोही बंद.

मी तिथे अटेंडंट होते. नळ्या धुवायच्या, काचपट्ट्या पुसायच्या. टेक्निशियन भीमरावभाऊ होते.

"साहेब, ही एकाच मशीनची अंगं आहेत," भाऊ म्हणाले. "वेगळी काऊन करता?"

"मशीन कुठं आहे यात? नळी आहे अन् डबी आहे."

साहेबांचं म्हणणं वरवर खरं होतं. रक्त किती आहे ते बघायच्या सामानात एक डबी असते. तिच्यात तपकिरी काच बसवलेली असते. शेजारी आकडे कोरलेली नळी ठेवायची. नळीत ॲसिड घालून त्यात रक्ताचा थेंब सोडायचा. रक्त चॉकलेटसारखं होतं. मग थेंब थेंब पाणी घालायचं. दोन्ही रंग सारखे झाले की पाणी ज्या आकड्यावर आलं, तेवढं रक्त. आमच्याकडे असे दोन सेट होते, जुना आणि नवा. साहेबांनी डब्यांवर पी रंगवला, नळ्यांवर जी, आणि चहाला गेले.

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आत आल्या. मागे एक म्हातारी, सुनेला धरून. सून दिवस भरलेली. ओठ पांढरे, डोळे मिटत होते.

"भाऊ, हिचं हिमोग्लोबिन लगेच द्या. सात असेल तर इथंच बाळंत करते. त्याच्या फार खाली असेल तर मी हात लावणार नाही. चंद्रपूरला नेऊन रक्त द्यावं लागेल."

"चंद्रपूरले काऊन नेता, मॅडम?" म्हातारी म्हणाली. "रस्त्यातच झाली तं? इथीच होऊ द्या ना."

भाऊंनी जुनी डबी घेतली, स्टँडमधली एक नळी घेतली. सात आले. म्हातारीने हात जोडले. पण भाऊ सुनेच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत राहिले; ती आतून पांढरीफटक होती. मग त्यांनी दुसरी नळी घेऊन पुन्हा केलं. पाच आले.

नळ्या दिसायला सारख्या होत्या, पण एक जराशी जाड, आतून रुंद होती. जाड नळीत रंग गडद दिसतो, म्हणून पाणी जास्त लागतं आणि आकडा वाढतो. डबी ज्या नळीसाठी बनवलेली असते, तीच नळी तिला लागते. आता जुन्या डबीची नळी कोणती, ते कोणालाच सांगता येईना.

"बाई, बोट आणा," भाऊ मला म्हणाले.

मी हात पुढे केला. ॲसिड बरोबर आहे की नाही बघायला भाऊ दर सोमवारी माझंच रक्त बघायचे. माझं दहा यायचं, कधी थोडं वर. जुन्याच डबीवर.

पहिल्या नळीत माझं चौदा आलं.

"चौदा! पहिलवानी करून राह्यल्या का जी? घरी काय खाता ते सांगा तरी."

मी दुसरी नळी पुढे केली. दुसऱ्या नळीत दहा आलं. भाऊंनी हसणं थांबवलं आणि मॅडमकडे बघितलं.

"पाच खरं आहे, मॅडम."

"जीप काढा," मॅडम म्हणाल्या.

म्हातारी रडायला लागली. मी तिला धरून जीपपर्यंत नेलं. सुनेचे पाय आम्ही दोघींनी उचलून आत घेतले.

साहेब चहा पिऊन परत आले तेव्हा भाऊंनी त्यांना दोन्ही आकडे सांगितले. साहेब स्टँडपाशी गेले. मग म्हणाले, "मायला, त्या सातावर थांबवली असती ना तिला इथंच." त्यांनी रॉकेलचा बोळा मागितला आणि नळ्यांवरचा जी स्वतः पुसला.

सून वाचली. तिला रक्त चढवलं, मग मुलगी झाली. हे म्हातारीनेच आठवडी बाजाराला आली तेव्हा सांगितलं. "मले तं तुमी सारे दुश्मन वाटले होते," म्हणाली.

आमच्या लॅबचे कोड मग वस्तू कोणत्या कामाची त्यावरून पडले: रक्ताचं सामान एका कोडाखाली, लघवीचं एका खाली, मलेरियाचं एका खाली. वाटणीत जुना सेट गडचिरोलीकडे गेला, पण नळी आणि डबी एकत्र बांधून. कोणतीही वस्तू कपाटात लावायच्या आधी ती कशाची बनली आहे ते विचारू नये, कोणासोबत लागते ते विचारावं. एवढंच मी त्या नोकरीत पक्कं शिकले.