हिराबायची नजर

हे मी कोणापाशी बोललेले नाही. यजमानांपाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडले तरी त्या जागेपाशी आले की मी घाईघाईने पुढे सरकते. आज तुम्हाला सांगते आहे – का, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

आधी आमच्या दिनूबद्दल सांगायला हवं. तुम्ही म्हणाल, ही टाळते आहे. टाळतेच आहे.

दिनू तेव्हा अडीच वर्षांचा. मुरुडला आमची नारळी-पोफळीची वाडी, वाडीतच घर. यजमान शाळेत मास्तर. वर्गातली दांडगी पोरं त्यांना पाहून चळाचळा कापत, पण घरी हा वीतभर पोरगा त्यांच्या नाकी नऊ आणी. एकदा गड्याने झाडावरून नारळ उतरवले, तर हा म्हणे, परत लाव. कुठे लाव? झाडाला! अंगणात लोळण, आकांडतांडव, शेजारीपाजारी जमा. शेवटी तो बिचारा गडी एक नारळ कमरेला बांधून पुन्हा वर चढला आणि दिनू रडून रडून झोपेपर्यंत झावळीत बसून राहिला. भाकरी मोडून दिली तरी तेच. भोकाड पसरून म्हणायचा, "जोड!" आता मोडलेली भाकरी ब्रह्मदेवाला तरी जोडता येईल का?

हिराबायला यायची. हिराबाय म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. मागल्या दारी पाटी उतरवली की ती ते दोन तुकडे शेजारी शेजारी धरायची, वर फुंकर घालायची आणि अगदी गंभीर तोंडाने म्हणायची, "बग, जुलली. खा रं माज्या राजा." आणि माझा लेक मुकाट्याने खायचा. सासूबाई शिवाशिवीवरून नाक मुरडायच्या, पण पोर जेवतंय म्हणून गप्प बसायच्या. सगळे हसायचे. मीही हसायचे. पण खरं सांगू? मला ते मुळीच सहन होत नसे. नऊ महिने मी वाहिला, आणि ऐकायचं कोणाचं – तर पाटीवालीचं?

सासऱ्यांना कंबरदुखी होती. त्यावर ते अफू घ्यायचे. तिची डबी फडताळात असे. शेतावर जाणाऱ्या बाया पोरांना कणभर अफू सर्रास चाटवत आणि पोरं गाढ झोपत – बघा, झालं माझं सुरू. सर्रास देत असतील. आमच्या घरात सासूबाईंना ते अजिबात चालत नव्हतं. "माझ्या नातवाला ते विष नको," असं त्यांनी मला बजावलं होतं. मी चोरून देत होते. मधात कालवून, अगदी थोडी, ज्या दिवशी तो फारच पिसाळे त्या दिवशी. मग दुपार कशी शांत जायची!

धाकट्या नणंदेला पाहायला तळा गावाहून पाहुणे यायचे होते, त्या दिवशीची गोष्ट. सकाळी हिराबाय आली. तिने दिनूला उचलून घेतलं, त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि हसत म्हणाली, "कवरा गोड दिसतंय गो बाय पोर! माजीच नदर लागंल." सासूबाईंनी ते ऐकलं. हिराबाय गेली आणि दिनूने तिच्यामागे जायचा हट्ट धरला. मला लाथा मारल्या. पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांची परात उलथी केली आणि माझ्या तोंडावर ओरडला, "तू नको! हिया पायजे!"

मी त्याला अफू दिली. नेहमीपेक्षा किती तरी जास्त. घाईत नाही, चुकून नाही – रागाने दिली. बोटाला किती लागली आहे ते मला दिसत होतं.

पाहुणे म्हणाले, काय शांत मूल आहे हो तुमचं! ते गेले, दिवेलागण झाली, तरी दिनू उठेना. हलवलं, पाणी मारलं, मान लुळीच. ओठ काळसर पडले होते. श्वास इतका सावकाश, की पुढचा येतो की नाही म्हणून मी वाट पाहत होते. यजमान वैद्यांकडे धावले. ते परगावी गेलेले. सगळे मला विचारत होते, काय खाल्लं, कुठे पडला? मी म्हणाले, काही नाही. माझं पोर माझ्या मांडीवर मरत होतं, काय झालंय ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. सासूबाई काय म्हणतील, याची भीती मला त्याच्या मरणापेक्षा मोठी वाटली. असं असतं का हो आईचं? माझं होतं.

"नजर लागली," सासूबाई म्हणाल्या. "त्या कोळणीची. सकाळीच बोलली मेली." नजर लावणाऱ्याच्या पायाखालची माती ओवाळून निखाऱ्यावर टाकली की नजर उतरते, असं आमच्याकडे मानतात. गडी माती आणायला गेला, तर त्याच्यामागून हिराबाय स्वतःच धावत आली. तिने आमच्या अंगणात उभं राहून आपल्या दोन्ही पायांखालची माती ओंजळीत घेतली. "घ्या गो, बिगीबिगी घ्या," म्हणाली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांबरोबर ती माती दिनूवरून ओवाळली. मी पाहत होते.

थोड्या वेळाने दिनूला भडभडून उलटी झाली आणि तो रडला.

माती पावली! सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हिराबायनेही पाहिलं. ती आनंदाने रडत होती, आणि रडतारडता एकदम थांबली. तिला काय कळलं, ते मला दिसलं. "मंग माजीच व्हती," एवढंच बोलून ती पदर डोळ्यांवर ओढून निघून गेली.

पुढे विहिरीवर बायकांनी मला विचारलं, खरंच का गं तिची? मी होकाराची मान हलवली. दोनतीन आळ्यांची दारं तिला बंद झाली. आणि सगळ्यात वाईट ते हे, की मला बरं वाटलं. दिनू आता माझाच होता. त्याला अफू मी पुन्हा कधी दिली नाही, पण त्याने काय होतं? तो "हिया, हिया" करत कित्येक दिवस मागल्या दारी बसायचा, मग विसरला.

गेल्या महिन्यात माहेरी जायला आगरदांड्याहून दिघीच्या होडीत बसले. आता दिनू इंग्रजी शाळेत जातो. होडीत माझ्याबरोबर नव्हता. समोर एक तरुण कोळीण तान्ह्याला घेऊन बसली होती, आणि शेजारी, त्या मुलाकडे पाठ करून, हिराबाय. मूल रडायला लागलं, तरी ती वळली नाही. मी पाहते आहे असं वाटून ती तरुण कोळीण म्हणाली, "सासू हाय माजी. नातवाचं तोंड न्हाय बगलं अजून. तिची नदर वायट हाय ना, म्हून सोताच बगत न्हाय."

हिराबायने माझा आवाज ओळखला असावा. मघाशी मी नावाड्याशी बोलले होते. समुद्राकडे तोंड ठेवूनच तिने विचारलं, "बाय, दिनू बरा हाय ना?"

मी म्हणाले, बरा आहे. होडी दिघीला लागेपर्यंत बराच वेळ होता. मी आणखी काहीच बोलले नाही.