तिसऱ्या बेसवरची ताई

ताईला आउट कुणी दिलं?

हे मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना विचारलं. आधी मराठीत, मग माझ्या तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ऑकलंडहून आलेल्या भंतेजींना विचारलं, तर त्यांनी डोळे मिटले. सॉफ्टबॉलमध्ये आउट दिलं तर निदान का ते विचारता येतं.

ताईला जाऊन महिना होत आला. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या तिच्या घरी माणसं अजून येतात. एक जण चहा घेताना किस्सा सांगतो, त्यावरून दुसऱ्याला एक आठवतो, आणि कप धुवायला घेतले की सिंकपाशी तिसरा निघतो. मी नववीत शाळा सोडलेला, इथल्या 'ते रापा' नावाच्या भागात फोर्कलिफ्ट चालवतो. लिहिणं माझं काम नाही. पण हे सगळं उतू चाललंय, म्हणून भांडं पुढे करतोय.

*

ताई अमरावतीला शाळेत पीटीची मॅडम होती. दाजी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आले, त्यांच्यामागे ताई, ताईमागे मी. इथल्या एका कॉलेजला, म्हणजे आपल्या हायस्कूललाच, मुलींच्या सॉफ्टबॉल टीमसाठी कोच हवा होता. टीम इतकी हरायची की कुणी अर्जच करेना.

इंटरव्ह्यूला तीन साहेब बसलेले. त्यांनी विचारलं, तुमची कोचिंगची फिलॉसॉफी काय? ताई पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घालून गेली होती. म्हणाली, "ते मुलींना बघून सांगते. ग्राउंड कुठंय?"

आणि उठलीच. तिघे फायली घेऊन मागून चालत गेले. नोकरी मिळाली हे तिला ग्राउंडवर कळलं. तोवर तिने दोन मुलींची बॅट धरायची पद्धत बदललेली होती!

*

अमरावतीत उशिरा येणाऱ्या मुलीला ताई बूट काढून ग्राउंडला फेऱ्या मारायला लावायची. उन्हाने माती अशी तापलेली असायची की ती मुलगी पुन्हा उशीर करायची नाही.

इथे पहिल्याच आठवड्यात पाच-सहा जणी उशिरा आल्या. ताईने तोच हुकूम सोडला. पोरींनी जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर, भिरकावल्या आणि हसत सुटल्या. पायाखाली गार हिरवळ! आणि इथली पोरं तर कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही अनवाणीच जातात.

दुसऱ्या दिवशी अख्खी टीम उशिरा आली.

मग ताईने शिक्षा बदलली. उशीर झाला की बूट घालून उभं राहायचं आणि बाकीच्यांना खेळताना बघायचं. त्यानंतर सगळ्या वेळेवर.

*

सॉफ्टबॉलमध्ये कोच तिसऱ्या बेसपाशी उभा राहतो आणि धावणाऱ्या मुलीला सांगतो, पळ की थांब. समोरच्या टीमला कळू नये म्हणून ताईने पोरींना मराठी शिकवली. मेरे नावाची माओरी कॅप्टन, बॉल टाकणारी सामोअन पिचर, सगळ्यांना "पळ, थांब, सरक" तोंडपाठ. सीझनभर मजा चालली.

मग अल्बनीच्या टीमशी मॅच पडली. आमच्या तीन जणी बेसवर पोचायच्या आत आउट. ताई पुन्हा ओरडली, तशी त्यांच्या कॅचरने, म्हणजे विकेटकीपरसारखी मागे बसणाऱ्या पोरीने, मास्क वर केला आणि शांतपणे म्हणाली, "आंटी, माय मम्स फ्रॉम नाशिक."

ताई म्हणाली, "बरं."

पुढच्या डावापासून ती वऱ्हाडीत शिरली. "पय वं, पय!" नाशिककरांची लेक मास्कमागून बघत राहिली. खरं तर आमच्या पोरींनाही काही कळलं नव्हतं. पण ताईचा आवाज होता, म्हणून त्या पळाल्या. जिंकलो!

*

मागल्या वर्षी ताईला कॅन्सर निघाला. त्याच सुमारास कॉलेजने सांगितलं, यंदा स्पर्धेत वरच्या ग्रेडला, म्हणजे वरच्या गटात गेलात तर टीम राहील, नाहीतर बंद. पहिल्या बातमीच्या रात्री ताई नेहमीच्या वेळेला झोपली. दुसरीने मात्र तिची झोप उडाली.

केमोला मी तिला न्यायचो. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात फोन. मेरे बॅटिंगचे व्हिडिओ पाठवायची. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा गोरा शेतकरी असायचा. एकदा तो वाकून बघत म्हणाला की पोरीचा पुढचा पाय उशिरा पडतोय. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि फोनच त्याच्या हातात दिला. आज मला मळमळतंय, तुम्हीच सांगा तिला, म्हणाली. त्याने मेरेला फोन लावून सांगितलंसुद्धा!

पुढच्या वेळी नर्सने त्याची तब्येत विचारली, तर म्हणाला, "ते राहू दे. स्कोअर काय?"

*

सीझनच्या शेवटच्या मॅचवर सगळं अडलं होतं. जिंकलो तर टीम राहणार. ताईला तेव्हा उठून बसवतही नव्हतं. दाजींनी माझ्या व्हॅनमध्ये गादी टाकली, उशा लावल्या, आणि मी व्हॅन तिसऱ्या बेसजवळच्या कुंपणाला लावली. मी मागे बसून तिला धरलं. ताईच्या जागी मेरे उभी राहिली.

शेवटच्या डावात बरोबरी. आमची एक पोरगी तिसऱ्या बेसवर. फटका बसला, ती सुटली आणि घसरत होमवर, म्हणजे जिथे रन पुरा होतो तिथे पोचली. जिंकलो! मी वेड्यासारखा ओरडलो. ताई पुटपुटली, "घसरली लवकर."

इथे मॅच संपली की दोन्ही टीम समोरासमोर रांगेने चालतात आणि तळव्याला तळवा लावून "गुड गेम" म्हणतात. ताई म्हणाली, "दार उघड. मला जायचंय रांगेत." दाजींनी मानेनेच नाही म्हटलं.

मेरेने ते पाहिलं. तिने रांगच वळवली. आमच्या पोरी, मागून हरलेल्या पोरी, सगळी रांग व्हॅनच्या दारापाशी आली. ताईने हात पुढे केला. तो वर राहीना.

मग मी तिचं कोपर खालून धरलं. एकेक पोरगी येत होती, तळवा लावत होती. "गुड गेम, कोच." ताई प्रत्येकीला म्हणत होती, "गुड गेम." शेवटची पोरगी जाईपर्यंत मी कोपर खाली येऊ दिलं नाही.