दुसऱ्याच्या लॉगिनवर

"तू उठ. ही खुर्ची स्टाफची आहे."

अभिजित सर एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. चाकणच्या आमच्या कंपनीचा ट्रेनिंग हॉल. एसी चालू. पीपीटी करायच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं होतं, जुनं बंद होणार होतं, आणि ते शिकवायला बाहेरून ट्रेनर आला होता. मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते. कुणाला विचारून बसले नव्हते. मला वाटलं, पीपीटी शिकवणार म्हणजे मला बोलावलेलंच आहे. क्वालिटी डिपार्टमेंटची प्रत्येक पीपीटी मीच करायचे. अभिजित सर आमचे मॅनेजर. ते फक्त उभं राहून वाचून दाखवायचे.

"सर, पीपीटी मी करते ना," मी म्हणाले.

"करतेस गं. पण लायसन्स परमनंट लोकांनाच आहे. आणि तुला हे झेपणार पण नाही. जा, पॅन्ट्रीत बघ, चहा झाला का."

दोघंतिघं हसले. मी उठले. माझ्या जागी अकाउंट्सचा एक जण येऊन बसला. त्याने बसल्या बसल्या मोबाइल काढला.

चहा वाटणं माझं काम नव्हतं. त्याला वेगळी बाई होती. तरी मी ट्रे उचलला. का उचलला, ते मला आजही सांगता येत नाही. उठ म्हटलं की उठायचं, जा म्हटलं की जायचं. हे डोक्यातून येत नाही. पायांनाच माहीत असतं.

ट्रे घेऊन फिरताना पडद्यावरचं तुकड्यातुकड्यांत दिसत होतं. मी मान वाकडी करून बघत होते. ट्रेनर म्हणाला, "आता यात तुम्हाला सेव्ह..." आणि तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "बिनसाखरेचा आहे का?" मी वळले. पुढचं वाक्य राहिलं. त्या अर्ध्या वाक्याने माझी नोकरी घेतली.

मी लातूरकडची. आण्णा, म्हणजे माझे वडील, मला कडेवर घेऊन इकडे आले आणि भोसरीच्या एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर, लागले. आम्ही आकुर्डीला पत्र्याच्या खोलीत राहायचो, अजून तिथेच राहतो, फक्त आता वर स्लॅब आहे. आईने चार घरची धुणीभांडी करून मला बारावीपर्यंत शिकवलं आणि कॉम्प्युटरचा क्लास लावला. माझं आडनाव सांगितलं की लोक गाव विचारतात. गाव सांगितलं की गावातली वस्ती विचारतात. मग त्यांना जे कळायचं ते कळतं, आणि ते लगेच हवापाण्याचं बोलायला लागतात.

कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर होते. कार्डावर कंपनीचं नाव नव्हतं, ठेकेदाराचं होतं. कँटीनमध्ये आमची रांग वेगळी. पण कॉम्प्युटर होता, खुर्ची होती. वस्तीत आई सांगायची, माझी पोर ऑफिसात आहे.

ट्रेनिंगनंतर जुनं व्हर्जन उघडेनासं झालं. नवीन उघडलं की आधी लॉगिन मागायचं. माझ्याकडे लॉगिन नव्हतं. मी सरांना सांगितलं. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या माझ्या कीबोर्डवर स्वतःचा मेल आयडी टाकला, पासवर्ड टाकला, आणि एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली.

"माझ्या नावाने कर. एकच आहे, तू काय नि मी काय."

शेजारच्या टेबलावर रेश्मा बसायची. तिने बघितलं. तीही हसली.

त्या दिवसापासून माझ्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात सरांचा फोटो दिसायला लागला. गोल, छोटा, टाय घातलेला. मी काम करत असले की त्यांच्या नावाचा हिरवा ठिपका लागायचा. सर गोव्याला फिरायला गेले तरी ठिपका हिरवाच. वरचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "अभिजित सुट्टीतपण काम करतो." सर नुसते हसले. मी मागे भिंतीला टेकून उभी होते.

नवीन व्हर्जनमध्ये सगळंच सरकलं होतं. जिथे बटण होतं तिथे काही नव्हतं. चौकट टाकली की ते आपणहून चार नक्षीदार पानं पुढे करायचं, यातलं घ्या म्हणायचं. मराठी अक्षरं उलटीपालटी व्हायची. मी चाचपडत होते. खरंच येत नव्हतं मला. एकदा धीर करून म्हणाले, "सर, एकदा बसून दाखवता का?"

ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या लोकांना ना, सगळं हातात द्यावं लागतं. शाळेत सवलत, नोकरीत सवलत. आता सॉफ्टवेअरमध्येपण सवलत पाहिजे."

या कंपनीत कसली आली सवलत! मी ठेकेदाराच्या दारात उभी राहून आले होते. रेश्मा परमनंट होती. तिच्या घरची जमीन कंपनीत गेली, म्हणून तिला नोकरी मिळाली. मिळायलाच पाहिजे होती. पण तिला कुणी सवलतवाली म्हटलं नाही कधी. मी यातलं काहीच बोलले नाही. मान खाली घातली आणि बटणं शोधत राहिले.

मग कस्टमरची मीटिंग आली. मोठा कस्टमर. त्यांचे लोक चेन्नईहून येणार होते. त्यांनी परत पाठवलेल्या मालाचं काय केलं, ते सांगायचं होतं. ती पानं मी तयार केली. आदल्या दिवशी संध्याकाळी मला वाटलं, या नवीन प्रकारात पानं कशी लावतात ते शिकून घ्यावं. मी त्याच फाइलमध्ये खेळून बघितलं. परत आलेल्या मालाची पानं काढून टाकली, दुसरी नक्षी लावून बघितली, जमलं नाही. मी फाइल तशीच बंद केली. सेव्ह केली नाही. जुन्यात सेव्ह नाही केलं की आपण केलेलं सगळं पुसलं जायचं, आधीचं तसंच राहायचं. मला तेवढंच माहीत होतं.

नवीन व्हर्जन आपलं आपण सेव्ह करतं. ट्रेनरचं ते राहिलेलं वाक्य हेच होतं.

सकाळी सरांनी कस्टमरसमोर फाइल उघडली. परत आलेल्या मालाची पानंच नाहीत. कस्टमरचा माणूस इंग्रजीत म्हणाला, तुम्ही लपवताय. सर पानं मागे करतायत, पुढे करतायत. मान लाल. मी दाराशी उभी. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पाहुण्यांना हिंदीत सांगितलं, "क्या करें सर, ऐसे लोग रखने पड़ते हैं।"

ऐसे लोग. पाहुण्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं अंगावर कपडे नाहीत.

पाहुणे चिडून निघून गेले. दुपारी आयटीवाल्याने गेलेली पानं परत मिळवली. पण त्याला आणखी एक गोष्ट दिसली. नवीन व्हर्जनमध्ये कुणी काय पुसलं, ते नावानिशी राहतं. पानं पुसली होती अभिजित सरांनी. वरच्या साहेबांनी सरांना बोलावलं. आणि संध्याकाळी एचआर मॅडमनी मला बोलावलं.

आत मॅडम, सर आणि ठेकेदाराचा माणूस. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद. मी एकेक शब्द लावत वाचला. त्यात लिहिलं होतं की, मी सरांचा पासवर्ड त्यांना न विचारता मिळवला. त्यांच्या नकळत वापरला.

"हे म्हणजे चोरी झाली," मी म्हणाले.

"चोरी कुठे लिहिलंय? फॉर्मॅलिटी आहे," मॅडम म्हणाल्या. "सही केलीस तर वॉर्निंगवर भागेल. घरी विचार कर हवं तर. उद्या सकाळी ये."

घरी आण्णा भाकरी खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही.

"कर सही," म्हणाले. "काय जायलंय तुझं?"

"आण्णा, चोर म्हणायलेत मला."

"म्हणू दे की माय. म्हटल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. नोकरी गेली तर कोण द्यायलंय?"

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. आण्णांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. फाउंड्रीत ते बदली होते. दुसऱ्या एका कामगाराच्या जागी, त्याच्याच बिल्ल्यावर, त्याच्याच नावाने आत जायचे. तो माणूस घरी बसायचा आणि यांना थोडं द्यायचा. साच्यात बोटं गेली तेव्हा दवाखान्याच्या कागदावर त्याचं नाव लागलं. भरपाई त्याच्या नावाने आली. फाउंड्रीत आमच्या आण्णांना कधी काही झालंच नाही. ते तिथे कधी नव्हतेच.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते माझ्या पोटात उतरलं. आण्णांचा हात साच्यात गेला. माझे हात त्या कीबोर्डवर गेले. आम्ही राबतो आणि कागदावर दुसराच कुणीतरी असतो. फक्त चूक झाली की आमचं नाव शोधून काढतात. तेव्हा बरोबर सापडतं.

आण्णांना मी हे बोलले नाही. त्यांना ते ऐकवलं नसतं.

सकाळी मी एचआरच्या खोलीत गेले. तेच तिघं.

"सही करणार नाही," मी म्हणाले. "सरांनी स्वतः पासवर्ड दिला. लिहून दिला. रेश्मासमोर दिला."

चिठ्ठी माझ्या स्क्रीनवरून तोपर्यंत गेली होती. मॅडमनी रेश्माला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तू बघितलंस का, सरांनी हिला पासवर्ड देताना?"

"मला न्हाई आठवत, मॅडम."

ती गेली. माझ्याकडे न बघता गेली.

सर खुर्चीत मागे रेलले. "बघ, तुला संधी दिली होती. तुमच्या लोकांचा हाच प्रॉब्लेम. उपकाराची जाण नाही."

"कोणत्या लोकांचा?" मी विचारलं.

त्यांनी मॅडमकडे बघितलं.

"कोणत्या लोकांचा सर? नाव घ्या. रोज म्हणता ना, तुमचे लोक, तुमचे लोक. आज मॅडमसमोर नाव घ्या."

मी काही शूर वगैरे नव्हते. पण तोंडातून आलं आणि ते परत घ्यावंसं वाटलं नाही. मॅडम पेनाचं टोपण काढघाल करत होत्या. सरांनी नाव घेतलं नाही. ते कधीच घेत नाहीत. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा त्यांना माहीत असतो.

ठेकेदाराच्या माणसाने माझ्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. गेटबाहेर सोडलं. कंपनीची बस संध्याकाळी सुटते, आणि आता मला तिच्यात बसता येणार नव्हतं. मी ट्रेलरच्या रांगेच्या कडेने चौकापर्यंत चालत गेले. धुळीने डोळे चुरचुरत होते. रडत नव्हते मी. खरं तर काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

रेश्मा रविवारी घरी आली. दारातच उभी राहिली. "राग धरू नगं गं. आमी इथलंच. रोज त्यांचं तोंड बघायचं हाय. मी काय बोलू?" मी तिला पाणी दिलं. बस म्हणाले नाही.

त्यानंतर मी चिंचवडला गेले, रावेतला एका ऑफिसात गेले. सगळीकडे आधीच्या कंपनीचं पत्र मागायचे. ते कुठून आणू? एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "नवीन व्हर्जन येतं?" मी खरं सांगितलं, थोडंफार. "कुठे शिकलात?" दुसऱ्याच्या नावावर शिकले, हे कसं सांगणार? तिने पुढच्या मुलीला आत बोलावलं. वस्तीतल्या एका दादाने पोलिसांकडे नेलं. तिथे विचारलं, जातीचं नाव घेतलं का? नाही घेतलं. मग काय लिहू? साक्षीदार? तोही नाही. आम्ही परत आलो.

आता मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. लोखंडी भागांच्या धारदार कडा कानशीने घासायच्या, दिवसभर उभं राहून. नखांत काळं जातं ते धुतलं तरी निघत नाही. आण्णा माझ्याशी धड बोलत नाहीत. आई आता वस्तीत माझ्याबद्दल काही सांगत नाही. अभिजित सरांना बढती मिळाली, असं ऐकलं.

गेल्या आठवड्यात इथल्या सुपरवायझरला कुणीतरी सांगितलं की मला पीपीटी येते. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची पुढे सरकवली. माणूस तसा वाईट नाही.

"कस्टमरला दाखवायचंय," म्हणाला. "माझ्या लॉगिननेच कर. लॉगिन उघडंच आहे."

"माझ्या नावाचं करून द्या. मग करते."

तो हसला. "अगं, तू हेल्पर आहेस. तुझ्या नावाचं लॉगिन कोण देणार? इथे बस, दिवसभर उभं राहण्यातून सुटशील, हात खराब होणार नाहीत."

"नको."

"वेडी आहेस का?"

"पीपीटीच्या खाली कुणी केली ते लिहाल? माझं नाव, आडनावासकट?"

त्याने खुर्ची परत मागे ओढली. आडनाव त्याला माहीत होतं. "जा मग," म्हणाला.

मी जाऊन परत कानस घेऊन उभी राहिले. याने काही बदलणार नाही, हे मला कळतं. त्याची पीपीटी दुसरं कुणीतरी करेल, आणि त्याच्याच नावाने करेल. माझी पाठ अशीच दुखत राहील. मला ऑफिसची खुर्ची पुन्हा मिळेल असं मला वाटत नाही.

पण माझ्या हातांनी केलेलं काम आता माझ्याच नावावर लागेल. चांगलं असलं तरी माझ्या, चुकलं तरी माझ्या. तसं कुणी देणार नसेल तर मी दगड फोडीन, उपाशी बसेन. दुसऱ्याच्या नावाने एक अक्षर टाइप करणार नाही.