सीलबंद खोक्यातली रबरं

आवडाबाईनं ट्रंकेत जपून ठेवलेली कुकरची नवी रिंग रविवारी सकाळी बाहेर काढली आणि झाकणात बसवताना ती हातातच मोडली.

"अवो, बघा की. हिचा कागदसुद्धा फाडला नव्हता," ती नवऱ्याला म्हणाली. "सात-आठ वर्सं झाली आसतील. न वापरताच गेली."

बद्रीनाथ दारात चहा पीत होता. त्यानं तुकडा घेऊन दोन बोटांत वाकवला. त्यावर बारीक चिरा उमटल्या. बशी तशीच खाली ठेवून तो घरालगतच्या गॅरेजच्या शेडकडं धावला.

पिशोरहून आलेला बद्रीनाथ वीस वर्षांपूर्वी जालना रोडवर एका परदेशी मोटार कंपनीच्या शोरूममध्ये मेकॅनिक म्हणून चिकटला होता. तेव्हा त्या गाडीची शहराला केवढी नवलाई! डॉक्टर, वकील, आडते नंबर लावून उभे. कंपनीनं बद्रीनाथला पुण्याला नेऊन शिकवलं, निळा डगला दिला. मग बारा वर्षांतच, काय बिनसलं कोण जाणे, कंपनीनं इथला पसारा आवरला. शोरूममध्ये आता फरशीचं दुकान आहे. कंपनी गेली, गाड्या मागं राहिल्या. बद्रीनाथनं बजाजनगरात घराला लागून पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा बीड, जालना, सिल्लोडहून लोक त्याच्याचकडं येऊ लागले. त्यांनी फोनवर ग्रुपही काढला होता, नाव 'पोरक्या गाड्या'.

शोरूम मोडलं तेव्हा गोदामातली सुट्या भागांची सीलबंद खोकी बद्रीनाथनं घरी आणली होती. त्यांवरचं कंपनीचं चिन्ह म्हणजे त्याला शपथेसारखं. बाजारातल्या मालाला तो हात लावत नसे. "कंपनीचं हाय," एवढं म्हटलं की गिऱ्हाईक निर्धास्त.

कालच त्यानं त्यातली, ब्रेकचं तेल अडवणारी रबरं व्यंकटरावांच्या गाडीत घातली होती. बँकेतून निवृत्त झालेले व्यंकटराव आज बायकोला आणि नातीला घेऊन अजिंठ्याची लेणी बघायला जाणार होते. फर्दापूरच्या अलीकडं घाट उतरावा लागतो.

शेडमध्ये त्यानं नवं खोकं फोडलं. रबर काळंभोर, चकचकीत. वाकवलं, तर तशाच चिरा. खोक्यावरची दहा वर्षांपूर्वीची तारीख त्यानं आज पहिल्यांदा वाचली.

त्यानं व्यंकटरावांना फोन लावला. पुन्हा लावला. पाच वेळा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. बद्रीनाथनंच त्याचं कौतुक केलं होतं.

"गाडी काढून जा की मागं," मागोमाग आलेली आवडाबाई म्हणाली.

"आठला निघाले ते. मी पोचेस्तोवर..." त्यानं घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते.

"सिल्लोडचा बन्सी हाय ना, खताच्या दुकानावाला? तिथनंच जात्याल की ते."

बन्सीनं लगेच फोन उचलला. "बोला उस्ताद! आज इतवारी आठवण?"

"बन्सी, रस्त्यावर उभा ऱ्हा. करड्या रंगाची आपली गाडी येईल, म्हातारे साहेब हायत. आडव तिला."

"चोरीची हाय का?"

"ब्रेक मी केलेत तिचे," बद्रीनाथ म्हणाला. तिकडं दुकानाचं शटर खाली आल्याचा आवाज झाला.

मग वाट बघणं आलं. आवडाबाईनं पातेल्यात भात टाकला. बद्रीनाथला घाटातलं एकेक वळण दिसत होतं. व्यंकटराव पाय दाबतायत, मागं नात गाणं म्हणतेय.

अर्ध्या तासानं बन्सीचा फोन आला. "थांबवली. साहेब लई तापलेत, घ्या."

"बद्री, काय तमाशा आहे हा?" व्यंकटराव कडाडले. "गाडी ठणठणीत चालतेय."

"साहेब, इंजिन चालू ठेवून ब्रेकवर पाय दाबून धरा. उचलू नका."

तिकडं इंजिन घरघरू लागलं. मग व्यंकटरावांचा आवाज एकदम बारीक झाला. "खाली जातोय रे. पार तळाला चाललाय." मागून त्यांच्या पत्नी दमयंतीबाई म्हणाल्या, "अगं बाई! आणि घाटात?"

"कंपनीचं आहे म्हणालास ना तू?" व्यंकटरावांनी विचारलं.

"व्हय साहेब. कंपनीचंच हाय, पन लई जुनं. तारीख वाचली नाय मी. गाडी तिथंच सोडा, मी येतो."

फोन पुन्हा बन्सीकडं गेला. तो हळूच म्हणाला, "उस्ताद, पोळ्याला माझे पन ब्रेक तुमीच केलते."

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला. "तू बी चालवू नको."

ब्रेकच्या रबरांची बारा खोकी त्यानं गेल्या दिवाळीत वापरायला काढली होती, त्यांतली तीन उरली होती; म्हणजे नऊ गाड्या. बद्रीनाथनं ग्रुप उघडला. त्यानं आवडाबाईकडं बघितलं.

"काय लिहू?"

"साहेबांना सांगितलं तेच."

"मंग कोन येईल आपल्या दारात?"

"आधी ते आपापल्या दारात पोचू द्या," आवडाबाई म्हणाली.

त्यानं लिहिलं: गेल्या दिवाळीपासून ज्यांचे ब्रेक मी केले, त्यांनी गाडी जागेवर उभी करा. रबर खराब आहे. चूक माझी आहे.

पाठवलं, तोच फोन वाजला. बीडचे वकील, त्या नऊ जणांतलेच. ते काही बोलायच्या आतच बद्रीनाथ ओरडला, "वकीलसाहेब, गाडी उभी हाय ना?"