कायदेमावशीचं गाऱ्हाणं

कायदेमावशीला एकही कायदा धड माहीत नव्हता. पण नळावर कोणी घागर पुढे सरकवली किंवा एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, की तिचा आवाज चढायचा, "ह्या कायद्यात बसत नाय!" समोरचा माणूस गोंधळायचा. तेवढ्यात मावशी त्या जागेवर बसलेली असायची.

रत्नागिरीत बंदराजवळच्या एका कारखान्यात ती कोळंबी सोलायची. दोन हजार सालाच्या आसपास मी तिथल्या फाटकावर 'कामगार भगिनींनो, हक्क ओळखा!' अशी पत्रकं वाटत असे. मावशी मूठभर घेऊन जायची. मी खूश. एकदा विचारलं तर म्हणाली, "कागद झ्याक हाय रे तुझा. सुके बोंबील गुंडाळले की वास बाहेर येत नाय."

कारखान्यात साहेबांना फरशी लावलेला संडास होता आणि बायकांना मागची करवंदीची जाळी. म्हणून बायका कामावर पाणीच पीत नसत. सुलभा नावाची पोर गरोदर होती. लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टर सांगे, भरपूर पाणी पी. कारखाना सांगे, पिऊ नकोस. बायकांसाठी वेगळा, बंदिस्त संडास बांधणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे मी पत्रकात ठळक छापलं. मॅनेजर म्हणाला, "बघू." अर्ज केले. तपासणीला सरकारी साहेब आले, तळलेली कोळंबी खाऊन गेले. करवंदीकडे कोणी फिरकलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला आणि कारखान्यात सत्यनारायण झाला. मला प्रसादापुरतं आत घेतलं होतं. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान वॉचमन तात्यांचा; बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तात्या पान थुंकायला बाहेर गेले आणि मावशी नारळापुढे उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! शेटच्या कोळंबीला परदेशात भाव येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शेटचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"आमच्या सुलभाचं बाळ सुखरूप होऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यासाठी तिला पोटभर पानी पिऊ दे! पानी प्याल्यावर बायकांना चार भिंतींचा संडास होऊ दे, दाराला आतून कडी होऊ दे, नि ह्या शेटच्या हातून ह्याच महिन्यात होऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

शेटने डोळे उघडले. सगळा कारखाना त्याच्याकडे बघत होता. मॅनेजर कानाशी लागला, तसा शेट खेकसला, "गप रे! देवापुढं बोललोय मी." कायद्याला न भिणारा माणूस नारळाला भ्यायला. संडास झाला. कडीसकट.

मी मात्र भडकलो होतो. "मावशी, हक्क देवाकडे मागायचा? ही भीक झाली!"

"मेल्या, देवाकडे कुठं मागितला? शेटकडे मागितला. देव साक्षीला होता. तुझ्या कायद्यात साक्षीदार लागतो ना?"

पुढच्या हंगामाला सगळ्यांना बोलावणं गेलं, मावशीला नाही. मुकादम म्हणाला, "वय झालंय तिचं." त्याच वयाचे तात्या स्टुलावर पेंगत होते. मावशी गावी गेली, बुरोंडीला.

त्या वर्षीच्या पूजेला मी फाटकाबाहेर होतो. गाऱ्हाणं घालायला तात्या घसा खाकरतात तोच सुलभा पुढे झाली, काखेत पोर.

"बा देवा म्हाराजा! आमच्या मावशीला परत कामावर घेण्याची बुद्धी शेटला होऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

शेटचे डोळे आता टक्क उघडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले. मग बायकांनी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. फाटकाबाहेरून मीही म्हटलं.

शेट बधला नाही. मी कायदेशीर दावा लावू म्हणून मावशीला निरोप धाडला. बुरोंडीहून उलट निरोप आला, "दावा लाव. पण आधी हिकडं ये. हितल्या बंदरावर मासळी विकणाऱ्या बायकांना आडोसा नाय. नारळ मी आणलाय, तू पत्रकं आण."