खंडेनवमीला धुतलेले पत्रे

मैंदर्गीकडच्या धनगराचा सिदू सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई होता. तिथं बिराजदार सर दोन वर्षं एका मिश्रधातूच्या मागे लागले होते. चुंबकात धरला की तो तापायचा, बाहेर काढला की गार पडायचा. त्यावर थोडक्या विजेत चालणारा फ्रीज होईल, असं सर म्हणत. भट्टीपाशी घाम मात्र सिदूनं गाळला. सत्याहत्तरच्या भाद्रपदात पहिले चांगले पातळ पत्रे निघाले. सरांनी ते तेलात बुडवून ठेवले. तेल कशासाठी, हे शिपायाला कोण सांगतो?

खंडेनवमीला सिदूनं लॅबमधली सगळी हत्यारं धुतली. पूजेला पत्रे तेलकट कसे ठेवायचे? तेही त्यानं पाण्यानं लख्ख केले, हळदकुंकू वाहिलं, ओल्या फुलांखाली ठेवले. मग सुट्टी लागली.

दिवाळीनंतर सरांनी वाळकी फुलं बाजूला केली, तर खाली राखाडी भुकटी; पाणी लागून पत्रे पार गंजून गेले होते.

"तेल कुणी पुसलं, सिदू?"

"म्या, सर. लई मनापासनं पुसलं की."

सरांनी भुकटी कागदावर गोळा करून पुडी बांधली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मिश्रधातूसाठी परदेशातून आणलेला धातू पुन्हा मिळाला नाही.

पुढल्या खंडेनवमीला सरांनी स्वतः नारळ आणला. सिदू दाराबाहेरच उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागं धरून.