जोनबाईंचे नेटिव्ह एल्डर

हसायचंच असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, मग सांगते. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईने, म्हणजे मीच हो, परदेशातल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये त्याच इंग्रजीत माती खाल्ली!

लेकीकडे येऊन वर्ष झालं होतं. कुणी साधं कुंडीला पाणी घालायचं कामही सांगेना. "आई, तू आराम कर." अहो, किती आराम करायचा माणसानं?

म्हणून शेजारच्या जोनबाईंनी इंग्लंडला माहेरी निघताना मागच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हा मी हरखलेच. गाडीत बसता बसता म्हणाल्या, "माय नेटिव्ह एल्डर इज आउट द बॅक. कम्प्लीटली बेअर इन विंटर, डोन्ट वरी! अधूनमधून ड्रिंक द्या. आणि दर रविवारी काय दिसतं ते या वहीत लिहा. बारा वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही!"

आता आपल्याकडे नेटिव्ह म्हणजे काय? गाव! एल्डर म्हणजे वडीलधारे. म्हणजे हिचे गावाकडचे म्हातारे वडील, जुलैच्या थंडीत (इथे जुलैत ऐन हिवाळा असतो), परसात, उघडे! आणि लेक चालली विमानाने! काय बाई तरी!

मी मऊ वरणभात केला, शाल घेतली, गेले. परसात एक बंद खोली आणि दारापाशी नुसत्या काटक्यांचं झुडूप.

"आजोबा, जेवून घ्या हो!"

चिडीचूप. ताट दारात ठेवलं, शाल काटक्यांवर टाकली, ड्रिंक म्हणून नेलेलं ताक कुणी घेईना, ते बुंध्याशी ओतलं. सकाळी ताट चाटूनपुसून साफ! मी वहीत सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: "भूक उत्तम. स्वभाव लाजाळू." पुढच्या रविवारी: "शाल अजून घेत नाहीत."

तिसऱ्या आठवड्यात जोनबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी ताट घेऊन तिथेच होते. "एल्डर कसं काय? एनी ग्रोथ?"

"वयाच्या मानाने ठणठणीत! वरणभात खातात."

"कोण खातं?" माझ्याबरोबर आलेल्या नातीने फोन दाराकडे फिरवला. कुणाचं तरी गलेलठ्ठ मांजर ताटात तोंड घालून बसलेलं.

"आजी! एल्डर इज द बुश! एल्डरबेरी! यू पुट अ शॉल ऑन इट!"

धरणी दुभंगली असती तर मी आधी उडी मारली असती. जोनबाई हसून हसून रडल्या. मग म्हणाल्या, "इथे याला तण म्हणतात. पण माझ्या गावी घरोघरी कुंपणाला हेच असतं. वही तेवढी चालू ठेवा."

ठेवली! ऑगस्टअखेर जांभळट कोंब, सप्टेंबरात पानं, पुढे इवल्या कळ्या. धो धो पावसात छत्री घेऊन गेले, पण एक रविवार सोडला असेल तर शपथ! नोव्हेंबरात जोनबाई परतल्या तेव्हा झुडूप पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडलं होतं. "बारा वर्षांत असं फुललं नव्हतं!" म्हणत त्यांनी मला मिठीच मारली. ताकाचा गुण, दुसरं काय!

मग त्यांनी गार्डन क्लबात माझी वही वाचून दाखवली. पहिल्या पानापासून हो! टाळ्या थांबेनात.

तेव्हापासून जोनबाई सगळ्यांना माझी ओळख करून देतात, "मीट माय नेटिव्ह एल्डर." आणि क्लबातली माणसं मला बघितलं की केकची बशी पुढे करून विचारतात, "भूक कशी आहे?"

मी काय बोलणार? उत्तम आहे!